डिस्क भरली कोणी?

अरे, सर्व्हरचं दार उघडं ठेवलं की काय होतं, ते आमच्या वैशालीला विचारा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नौपाड्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलेलो. वैशाली तिथे नवा सर्व्हर बसवत होती. इन्स्टॉल करताना स्क्रीनवर प्रश्न आला, अनोळखी लोकांना फाइली ठेवू द्यायच्या का? उत्तर आधीच भरलेलं होतं, 'हो'. तिला वाटलं, बनवणाऱ्यांनी विचार करूनच भरलं असणार. तिने एंटर दाबलं.

काही आठवड्यांनी परदेशातल्या गिऱ्हाइकाला प्रोग्राम पाठवायचा होता, तर डिस्क फुल! आत बघतो तर कुठल्या कुठल्या देशांतले गेम आणि गाणी.

"माझी नोकरी गेली रे!" वैशाली रडवेली झाली.

"आधी ते दार बंद कर, मग रड," मी म्हटलं.

तिने ती सोय बंद केली, सगळा कचरा पुसला आणि प्रोग्राम एकदाचा गेला. तेवढ्यात आमचे मालक, जोगळेकर सर, मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर कोण कधी आत आलं ते दिसत होतं; अनोळखी माणसाच्या नावाच्या जागी सर्व्हर 'ॲनॉनिमस' लिहायचा.

"हा ॲनॉनिमस कोण?" सरांनी विचारलं.

वैशालीने घाबरत खरं ते सगळं सांगितलं. "पण सर, आत्ताच त्याला बंद केलंय."

सरांनी स्क्रीनवरच्या तारखा आणि वार वाचले. मग म्हणाले, "अरेरे! रविवारीसुद्धा कामावर येणारा तेवढा एकच होता हो!"