मटिल्डाबाईंचं गुप्त दुखणं

नाही, तुम्हीच सांगा, यात गुप्त काय राहिलं? रविवारची मिस्सा, देऊळ खच्चून भरलेलं, आणि लाऊडस्पीकरवर फादर वाचतायत, 'वटारच्या मटिल्डाबाईंच्या गुप्त दुखण्यासाठी प्रार्थना करूया!' आणि अख्खं गाव एका सुरात, 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐकून घे!' प्रभूने ऐकली की नाही देव जाणे, पण आगाशीच्या बाजारापर्यंत लोकांनी ऐकली!

झालं होतं काय... माझी पाळी बंद होऊन चार वर्षं झाली. सुटले म्हटलं एकदाची! आणि फेब्रुवारीत एक दिवस बघते तर डाग. आता सांगायचं कुणाला? आमचे क्लेमेंट वाडीतल्या केळीचं एक पान पिवळं पडलं तर विरारला औषधाला धावतात. मला म्हणतात, 'उष्णता असेल गो, सब्जा पी.' प्यायले. शेजारची नॅन्सी, शाळेत माझ्याच वर्गातली, तिला शपथ घालून सांगितलं. ती म्हणते, 'उष्णताच ती! कोकम घे.' घेतलं! सहा महिने मी नुसतं थंड ओततेय पोटात, आणि डाग आहेत तिथेच. उष्णता म्हणे!

आणि फादरांना चिठ्ठी दिली कुणी? याच नॅन्सीने! वर मलाच सांगते, 'दुखणं कुठे लिहिलं मी? गुप्तच लिहिलं ना?' मग काय, देवळाबाहेर एकेक बाई माझा हात दाबतेय, पोटाकडे बघतेय... त्या लाजेनेच मी तडक डॉक्टरीणबाई गाठली.

ती म्हणते, 'पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तरी यायचं असतं. सहा महिने काय करत होता?' काय सांगू? सब्जा पीत होते! टेबलावर झोपवलं, पाय वर, आणि म्हणते, 'सैल सोडा.' सैल? अहो, चोपन्न वर्षं गुडघे जुळवून बसलेली बाई मी! गर्भाशयाच्या तोंडावरून छोटासा ब्रश फिरवला, दोन मिनिटं, झाली पॅप तपासणी. मग सोनोग्राफी. आणि रिपोर्ट? आठ दिवसांनी!

ते आठ दिवस मात्र... हसू नका. मर्लिनचं, माझ्या मुलीचं, जानेवारीत लग्न. रोजरी हातात घेऊन एवढंच मागत होते, कॅन्सर नको, तेवढं लग्न बघू दे. भीती वाटली हो. फार भीती वाटली.

रिपोर्ट चांगला आला. वयामुळे आतली कातडी नाजूक झालीय म्हणे, मलम दिलं. नॅन्सीला सांगायला गेले तर ती रडायलाच लागली. मला वाटलं, आनंदाने. कसलं काय! म्हणते, 'मलाही दीड वर्ष त्रास आहे गो. नवरा जवळ आला की रक्त जातं. पांढरं जातं, वास येतो.' दीड वर्ष! 'अगं मग बोलली का नाहीस?' तर म्हणते, 'उष्णता वाटली.'

धरून नेलं तिला. रिक्षाभर माझं मनगट सोडलं नाही तिने. काउंटरवरची सिस्टर विचारते, 'पेशंटचं नाव?' आणि ही मान खाली घालून सांगते, 'मटिल्डा.'

अहो, मी बाजूलाच उभी! म्हटलं, 'सिस्टर, नॅन्सी लिहा, नॅन्सी!' तर मला चिमटा काढून कानात म्हणते, 'राहू दे ना गो तुझंच... तुझं तर सगळ्यांना माहीतच आहे!'