गॅनेटचं भूशिर

हेरवर्ड : खोड ते नाव, लायोनेल. मंत्री खाली येऊन बसलेत. न्याहारी झाली की नकाशा मागतील.

लायोनेल : खोडता यायचं नाही, दादा. शाईनं लिहिलंय.

(इंग्लंडातली एका अर्लची, म्हणजे उमरावाची, हवेली, सकाळ. दोन वर्षं उत्तरेच्या बर्फात काढून परतलेला कॅप्टन लायोनेल, त्याचा थोरला भाऊ अर्ल हेरवर्ड, आणि खिडकीपाशी त्यांची आई.)

हेरवर्ड : अरे, तुला जहाज दिलं कुणी? नौदलमंत्री वेक्सकोमसाहेबांनी. मोठं भूशिर सापडलं की त्याला आश्रयदात्याचं नाव, ही रीतच आहे. आणि तू नाव देतोस कुणाचं, तर शिडं शिवणाऱ्या टोबियस गॅनेटचं!

लायोनेल : साहेबांना एक खाडी दिलीये की.

हेरवर्ड : चिखलाची!

लायोनेल : खाडी म्हटली की चिखल आलाच.

आई : लायोनेल, जीभ आवर. घरात पाहुणे आहेत.

हेरवर्ड : आई, तूच सांग याला. वसंतात दुसरं जहाज निघायचंय. कप्तान कोण, ते वेक्सकोम आज ठरवणार. बाराव्या वर्षापासून समुद्रावर झिजलास ना रे? ते सगळं एका शिंप्यापायी बुडवणार?

लायोनेल : बुडू दे. थंडी सरली, आम्ही सगळे तिथून निघालो, तो राहिला. जमीन अशी गोठलेली की कुदळ चालेना. दगड रचून झाकलं त्याला. त्या भूशिरावर वस्ती त्या एकट्याची. घर ज्याचं, नाव त्याचं.

हेरवर्ड : मोहिमेत माणसं मरायचीच!

लायोनेल : मरतात ना. पण मेलेल्याच्या छातीवर दुसऱ्याची पाटी ठोकत नाही कुणी.

हेरवर्ड : मग बस घरी, शिकारी कुत्रे सांभाळत.

लायोनेल : घरी कशाला? देवमासे मारणाऱ्यांच्या जहाजावर जाईन.

हेरवर्ड : अर्लचा भाऊ, चरबीच्या घाणीत!

लायोनेल : बर्फ कुळी विचारत नाही, थोरले सरकार.

आई : घरी कोण आहे रे त्याच्या? या गॅनेटच्या?

लायोनेल : आई आहे. व्हिटबीला. परवा जाऊन आलो. म्हणाली, फूल ठेवायचं म्हटलं तर पोराचं थडगं कुठं शोधू? मी नकाशा पसरला, तिचं बोट धरून तिथं ठेवलं. मग तिच्यासमोरच शाईची दौत उघडली.

हेरवर्ड : झालं! आता आईला रडव.

आई : मी रडत नाहीये, हेरवर्ड. दोन वर्षं रोज सकाळी गडीमाणसांना जमवून प्रार्थना घेतली मी. देवाकडे मागितला तो फक्त माझा लायोनेल. बाकीच्यांची नावंसुद्धा कधी विचारली नाहीत.

हेरवर्ड : बरं, प्रार्थनेची वेळ झालीच आहे. मंत्रीही आपल्यात गुडघे टेकून बसणार आहेत. हे नंतर बोलू.

आई : नंतर कशाला? आज मी टोबियस गॅनेटचं नाव घेणार आहे.

हेरवर्ड : आई! वेक्सकोमसाहेबांच्या देखत?

आई : त्यांना गुडघ्यांखाली घ्यायला उशी दे. मला जरा वेळ लागेल.