रापीनं कापलेली गाठ

(दुपार. दवाखान्यातली तपासणीची खोली. मापाचे जोडे शिवणारे अप्पा खाटेवर आडवे, त्यांची लेक उशाशी उभी. डॉक्टरबाई अप्पांच्या उजव्या पायाची पट्टी सोडवताहेत.)

अप्पा: भोवरीच होती ती. चाळीस वर्षं लोकांचे पाय हातात घेतोय, मला भोवरी कळत नाही होय?

डॉक्टरबाई: भोवरी कापली तर आत कातडीच निघते, अप्पा. तुमच्या या गाठीतून काय निघालं?

अप्पा: पांढरं काहीतरी. ओल्या खडूसारखं.

डॉक्टरबाई: आणि तरी तुम्ही तिला भोवरीच म्हणालात.

अप्पा: म्हटलं, जुनी असेल.

लेक: थांबा, थांबा. कापलीत कशानं?

अप्पा: रापीनं.

लेक: चामडं तासता त्या रापीनं?

अप्पा: मग काय भाजीच्या सुरीनं? चांगली धार लावून घेतली होती. गरम पाण्यात बुचकळली होती.

लेक: कधी?

अप्पा: झाले असतील दहा-अकरा दिवस.

लेक: अकरा दिवस! मला सांगितलंत नवा जोडा चावला म्हणून. अहो, मी रोज तुमच्यासमोर बसून अस्तरं चिकटवत होते. हा एवढा पू, मला वास कसा नाही आला?

अप्पा: चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा उघडा ठेवत होतो.

लेक: मुद्दाम?

अप्पा: मुद्दामच. तुला कळलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस.

डॉक्टरबाई: घेतलं असतं तर बरं झालं असतं. हे बघा, अंगठा काळा पडलाय. फोटोत हाडही पोखरलेलं दिसतंय. ताप काल रात्रीपासून का?

अप्पा: परवापासून. पण गोळी घेतली की उतरतो.

डॉक्टरबाई: कुठली गोळी?

लेक: दुखण्याची. औषधांच्या दुकानातून मीच आणते, महिन्याला चार पाकिटं. सकाळी एक, संध्याकाळी एक.

डॉक्टरबाई: किती वर्षं?

लेक: सहा. सहा झाली असतील ना, अप्पा?

अप्पा: तिला कशाला मध्ये घेता? मी मागतो, ती आणते.

डॉक्टरबाई: मी कुणाला मध्ये घेत नाहीये. रक्ताचा रिपोर्ट समोर आहे, त्यावरून विचारतेय. तुमच्या किडन्या निम्म्याहून कमी काम करताहेत, अप्पा. रोजच्या या गोळ्यांनी त्यात भरच घातलीय.

लेक: किडन्या? दुखणं पायाचं आणि किडन्या कुठून आल्या?

डॉक्टरबाई: सुरुवातच तिथून आहे. याला गाउट म्हणतात. अंगात युरिक ॲसिड नावाचा कचरा रोज तयार होतो, प्रत्येकाच्याच. किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. यांच्या अंगातून तो पुरेसा जात नाही. मग रक्तात साठतो, आणि त्याचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात जाऊन बसतात. बहुतेकदा पहिला नंबर पायाच्या अंगठ्याचा. पहिलं दुखणं कसं आलं होतं, आठवतंय?

लेक: मला आठवतंय. रात्री धडधाकट झोपले आणि पहाटे ओरडत उठले. अंगठा टोमॅटोसारखा लाल. चादर लागली तरी कळवळायचे. पंख्याचा वारासुद्धा नको म्हणायचे.

अप्पा: आणि आठ दिवसांत आपोआप गेलं. दोन महिने परत काही नाही. जे आपोआप जातं त्याला आजार कोण म्हणतं?

डॉक्टरबाई: दुखणं गेलं. खडे तिथंच राहिले आणि वाढत गेले. तुम्ही रापीनं कापलंत ते वर्षानुवर्षांचं साठलेलं होतं. ती जखम उघडी राहिली, त्यातून जंतू आत गेले.

अप्पा: पण मला कसं होईल हे? गाउट श्रीमंतांना होतो म्हणतात. दारू, मटण. मी आयुष्यात बाटलीला हात लावला नाही.

डॉक्टरबाई: दारू, मटण यांनी वाढतो, खरंय. पण पुष्कळांना तो वारशानं येतो. तुमच्या वडिलांना होतं का असं काही?

अप्पा: आमचे तात्या लंगडत लंगडतच गेले. हाताची बोटंही वाकडी झाली होती. म्हणजे बघ पोरी, घराण्यात श्रीमंती होती, फक्त ती पायात साठली.

लेक: अप्पा, आत्ता नको ना चेष्टा.

अप्पा: मग कधी करू?

डॉक्टरबाई: आता नीट ऐका. अंगठा वाचत नाही. त्याच्यामागचं थोडं हाडही काढावं लागेल, आणि ते आजच. उद्यावर गेलं तर घोट्याच्या वर जावं लागेल. विष रक्तात पसरलं तर मग मला काहीच करता येणार नाही.

अप्पा: नाही.

लेक: अप्पा!

अप्पा: नाही म्हणजे नाही. बाई, तुम्ही आमचं काम कधी बघितलंय? जमिनीवर बसून चामडं ताणायचं तर ते धरतं कोण? हाच अंगठा धरतो. हात दोन्ही गुंतलेले असतात. तो गेला तर मी काय लोकांच्या जोड्यांना नुसती पॉलिश करत बसू?

लेक: मी धरीन चामडं.

अप्पा: तू बाजूला बसून धरशील. मला किती ताण हवा ते तुला कसं कळणार?

लेक: जीव गेला तर कुणाला ताण कळणार आहे?

डॉक्टरबाई: अप्पा, तुमची जुनी फाइल आत्ता काढून आणलीय. सहा वर्षांपूर्वी तुम्ही माझ्याकडेच आला होतात. माझंच अक्षर आहे. युरिक कमी करायची गोळी, रोज एक, कायम. ती का बंद केलीत?

अप्पा: बारा दिवस घेतली. तेराव्या दिवशी दोन्ही पाय सुजले, गुडघाही धरला. आधी नुसता अंगठा दुखायचा. मग म्हटलं, ही गोळी आहे का शिक्षा?

डॉक्टरबाई: सुरुवातीला तसं होतं. जुने खडे विरघळायला लागले की सांधे खवळतात. त्यासाठी जोडीला दुसरं औषध देतात काही महिने. पहिली गोळी थांबवायची नसते. तेवढे महिने काढले असते तर आज ही गाठ नसती.

अप्पा: हे मला कोणी सांगितलं होतं?

डॉक्टरबाई: कागदावर नाहीये.

अप्पा: कागदाचं नाही विचारत. तोंडी?

डॉक्टरबाई: आठवत नाही मला.

अप्पा: मला आठवतंय. तुम्ही मानही वर केली नव्हती. "रोज एक घ्या, पुढचा पेशंट पाठवा." बाहेर सत्तर माणसं होती, मी मोजली होती.

डॉक्टरबाई: मग नसेल सांगितलं. जोडीचं औषधही लिहिलेलं दिसत नाही. चूक आहे माझी.

लेक: बाई, त्यांनी नाही बंद केली गोळी. मी केली. त्यांचं ते विव्हळणं बघवेना म्हणून उरलेली पाकिटं कचऱ्यात टाकली. वर त्यांना म्हटलं, या डॉक्टरीणबाईंना काही कळत नाही. आणि दुसऱ्या दिवशी मीच जाऊन ती दुखण्याची गोळी आणली. आज सहा वर्षं आणतेय. माझ्या हातानं मी यांच्या...

अप्पा: पुरे. एक अक्षर बोलू नकोस पुढं. त्या गोळीनं मी सहा वर्षं कामाला बसलो. तुझं लग्न झालं, मोडलं, तू परत आलीस, तरी दुकानाचं दार एक दिवस बंद राहिलं नाही. कशाच्या जोरावर?

लेक: तुमच्या किडनीच्या जोरावर, अप्पा.

अप्पा: रडू नकोस. बाई, पाणी द्या हिला जरा.

डॉक्टरबाई: हे घे. बस इथं खुर्चीवर. अप्पा, मला तुमचा निर्णय हवाय. ऑपरेशनची खोली चार वाजता मोकळी होतेय.

अप्पा: कापल्यावर हे सगळं संपेल का?

डॉक्टरबाई: नाही संपणार. जखम भरत आली की तीच गोळी पुन्हा सुरू करू, किडन्या बघून अगदी कमी मात्रेनं. जोडीला दुसरं औषधही देईन. तरी पहिले काही महिने डावा पाय उठेल. गुडघेही उठतील. दुखण्याच्या त्या गोळ्या मात्र आता कायमच्या बंद.

अप्पा: म्हणजे आहे तो पाय दुखणार.

डॉक्टरबाई: हो. आणि काढलेला अंगठाही दुखल्यासारखा वाटेल, पुष्कळांना वाटतो. तो जागेवर नसला तरी.

अप्पा: आणि चामडं?

डॉक्टरबाई: चामडं नाही धरता येणार, अप्पा. खोटं कशाला सांगू?

अप्पा: बरं झालं सांगितलंत. पोरी, डोळे पूस. आण तो कागद इकडं.

लेक: अप्पा, नक्की ना?

अप्पा: नक्की कसलं? दुसरा रस्ता आहे का? कुठं करायची सही, बाई?

डॉक्टरबाई: इथं खाली. आणि या पानाच्या मागं. वरचा सगळा नेहमीचा मजकूर आहे, सगळ्यांना तोच असतो.

अप्पा: असू दे. या वेळी सगळा वाचून दाखवा.