आंगनातला न वाळलेला गोल

माहा जलम मार्कंड्याच्या बाजूचा, वैनगंगेच्या काठचा, अन् माही माय अशी संशयी का जत्रेत बांगड्या भरतानी कासारनीले म्हने, दाखवली तीच भरून राह्यलीस ना व? तोच गुन माह्यात उतरला, काय सांगू तुम्हाले. लगन होऊन सिंदेवाहीच्या बाजूले आली, मालक जाऊन बहुत वर्सं झाली, पन धानावर फवारा अजून मीच मारते, पाठीवर पंप घेऊन. दुसऱ्याच्या हातावर माहा भरोसा नाई.

माही अन् माह्या लहान जावेची, शेवंताची, बांधी लागून लागून. बांधी म्हंजे धानाचा तुकडा, मधात एकच धुरा, म्हंजे मातीचा बांध. मागल्या साली तनाचं औषद मारलं, तन मेलं, पन त्या धुऱ्याले लागून माहं धानच पिवळं पडलं, मंग जळलं. बाकी सारं हिरवं, फक्त तिच्याच बाजूनं जळलं, आता मानसानं काय समजावं? मी धुऱ्यावर उभी राहून म्हणलं, शेवंते, काय टाकलंस व माह्या धानात? ती म्हने, बाई, मी तरोट्याची भाजी खुडून राह्यली, टाकू काय? मी म्हणलं, भाजीले रोज याच धुऱ्यावर काऊन येतेस? ती पदराच्या वट्यातली भाजी तिथीच सांडून निघून गेली.

सालभर बोलनं नाई. घरं लागून, मधात बांबूचं कुंपन, तरी नाई. तिची लेक बाळंत झाली, शेवंतानं लाडू धाडले, अन् खोटं काऊन बोलू, मी एक कोंबडीले टाकला अन् दिवसभर कोंबडीकडं पाहत बसली. कोंबडी चांगली होती. पन मी म्हणलं, कोंबडीचं काय खरं.

औंदा शेतकीच्या मॅडम आल्या. म्हने मावशी, औषद भरायच्या आधी साध्या पान्यानं पंप मोजून पाहा. मले वाटलं, पान्यानं का कळते, ही मले येडी बनवून राह्यली. म्हणलं माह्या आंगनात करा, माह्या डोळ्यासमोर. आंगन सकाळीच सारवलं होतं. मॅडमनं पंप तीनदा धुवाले लावला, बाटलीनं मापून पानी भरलं, दोरीनं जागा आखली, म्हने बांधीत चालता तशाच चाला. मी गेली, आली, गेली, आली. मंग उरलेलं पानी मोजलं. एवढ्या जागेले एवढं पानी लागते, त्याच्यावरून बांधीले किती पंप, अन् एका पंपात औषद किती, असा तो हिशोब. माहं पानी जास्तच गेलं होतं. म्हने नोझलचं भोक झिजलं. मी म्हणलं, नवं नोझल विकाले आल्या का?

त्या हासल्या. म्हने बसा, आंगन वाळू द्या.

आंगन वाळलं. फवाऱ्याचे पट्टे वाळले, माह्या दाराकडचं टोक वाळलं, पन कुंपनाजवळ हा एवढा ओला गोल, वाळेच ना. मॅडम म्हने, मावशी, तिथी वळतानी पंपाचा खटका सोडत नाई तुम्ही, उभ्याच राहता. काऊन?

काऊन म्हंजे... कुंपनापल्याड शेवंता काय करून राह्यली, ते पाहाले. बांधीतही तेच. हरेक फेरीले मी धुऱ्यापाशी थांबो, तिच्या धानात डोकावो, अन् हातातला खटका दाबलेलाच, औषद तिथीच पडत राहे. दुसऱ्या टोकाले तर सोडून दम घेवो. माहं धान मीच जाळलं होतं, बाई.

कुंपनापल्याडून आवाज आला, पाहून झालं का, बाई? तिनं सारं आयकलं होतं. मी पंप उतरवला अन् सरळ तिच्या घरात गेली. म्हणलं, शेवंते, चुकलं माहं. ती म्हने, कोंबडी कशी हाय? तेही पाह्यलं होतं तिनं!

आता नोझल नवं हाय. मी फवारते तवा शेवंता धुऱ्यावर, जरा दूर, हवा येते त्या बाजूले उभी राह्यते, अन् टोक आलं का वरडते, बाई, खटका सोड! धान औंदा धुऱ्यापर्यंत हिरवं हाय. तिच्या लेकीनातवाले देव सुखी ठेवो. तिनं मंग पुन्हा लाडू देल्ले, ते मी खाल्ले, कोंबडीले न इचारता. फक्त माह्या लाडवात ती गूळ कमी घालते असं वाटते, पन आता मी पाहाले जात नाई.