ताईचे ढग

मृत्यूच्या दाखल्याच्या रांगेत माझ्यापुढे बहीण-भाऊ उभे होते.

"काल मला फोन का केला नाहीस?"

"बाबांनी करू दिला नाही, ताई."

"का?"

"खिडकीतून तू लेसरने मोजतेस ते उंचावरचे बर्फाचे ढग दिसत होते. म्हणाले, महिनाभर खालच्या ढगांनी तिचा लेसर अडवलाय, आज कुठे वर पोचत असेल. तिला कामावरून उठवू नकोस."

"आणि तू ऐकलंस."

"आयुष्यात पहिल्यांदाच."

"अजून काय म्हणाले?"

"नेहमीचंच. पोरगी आभाळाला टॉर्च मारून पगार घेते."

"शेवटी गेले किती वाजता रे?"

"चार वाजून दहा मिनिटांनी. नजर खिडकीबाहेरच होती."

"चार दहाला माझ्या लेसरवर तो ढग साडेनऊ किलोमीटर उंचीवर होता. फार पातळ."

"ताई, पुढे हो. रांग सरकली."