गणपतच्या घरची झावळी

सगळ्यांत आधी कोण आला, ठाऊक हाय? पालघरचा पेटीवाला! तोच तो, मागल्या जत्रेला भर तालमीत गणपतला म्हणाला होता, "तुझ्या गळ्याला पेटी कशाला, भोंगा पायजे." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आणि आज गणपतचे एडवणचे सोयरे यायच्या आधी हा इथं देवळाच्या ओट्यावर येऊन बसला. मी म्हटलं, "बाबा, चहा घे." तर म्हणतो, "आजी, त्यानं मला एकदा तरी उलट शिवी द्यायला पायजे होती." आणि जो रडायला लागला!

तर मंडळी, तुमी सगळे आलात, बरं केलंत. बोईसरकडे वीजघराच्या कामावर जाणारी पोरंसुद्धा खाडा करून आलीत. मास्तरांनी बोलणाऱ्यांची नावं पुकारली, त्यात माझं नाव नव्हतं. पण पाटील, तुमच्या आधी मला बोलू द्या. तुमी बोललात की ठरलंच, मग म्हातारीचं कोण ऐकतो? मला सभेत बोलता येत नाय. चुलीपाशी बोलते तसं बोलेन. चुकले तर हसा. गणपतला चाललं असतं.

बाहेरून आलेल्यांना सांगते. गणपत माझा शेजारी. दिवसा होडीवर, आणि जत्रा आली की आमच्या नाटकातली राणी. मिशा काढायचा आणि माझं हिरवं लुगडं मागायला यायचा. "मावशी, नेसव." मी नेसवायची. काय चालायचा म्हणून सांगू! आमच्या सुना त्याचं बघून पदर घ्यायला शिकल्या. आवाज मात्र होडीवरून हाक मारल्यासारखा. राणी रडायला लागली की पुढचं पोर दचकायचं. आणि त्याची बायको सखू बायकांतून ओरडायची, "अहो, पदर! पदर सांभाळा!" राणी रडता रडता पदर सावरायची. लोक पोट धरून हसायचे, आणि पुढच्या वाक्याला तेच लोक डोळे पुसायचे. हसताय ना? हसा. मी पण हसते. घरी गेले की मग दुखतं.

आमचं नाटक कंपनीचं नाय. तिकीट नाय, पगार नाय. ज्याला जे जमतं ते तो करतो. मोडक्या होडीच्या फळ्या ठोकून स्टेज केलं ते गणपतच्या बापानं. आणि एक रीत त्यानंच घातली. मांडवावर दरवर्षी प्रत्येक घरानं आपली एक विणलेली झावळी बांधायची. आपल्या घरच्या हातानं. आणि नाटकाला बसायचं ते आपल्याच झावळीखाली. विणकाम विरळ असलं तर दव तुमच्याच डोक्यावर गळणार, दुसऱ्याच्या नावानं बोंब मारायची सोय नाय. कोणाचं घर कुठं बसतं ते वर बघून कळायचं. गणपतच्या घरची जागा अगदी स्टेजला लागून. भांडणं झाली, वाटण्या झाल्या, पण शेजारच्या झावळ्या शेजारीच राहिल्या.

मग यंदा वादळ आलं. तुमी सगळ्यांनी बघितलंय, मी काय सांगू? मांडवावर एक झावळी राहिली नाय. घरांवरची कौलं गेली, कुडाच्या भिंती पडल्या. सकाळी बघतो तर आपल्या झावळ्या शेतात, विहिरीत, बाभळीवर. गणपत त्या गोळा करत फिरला. आम्हाला वाटलं मांडवाला नेतोय. तर त्यानं त्या उघड्या पडलेल्या घरांवर टाकल्या. कोणी म्हणालं, "अरे गणपत, ही नाटकाची हाय." तो म्हणाला, "नाटक भिजतंय का? पोरं भिजतायत."

पावसाळाभर मांडव उघडा. नुसते खांब आणि वर बांबू. मला वाटलं, संपलं. ज्याचं घर उभं राहायचंय तो नाटक कशाला उभं करील? पण पाऊस सरला तसा हा दारोदार फिरायला लागला. "झावळी विणलीत का? विणलीत का?" म्हणून डोकं उठवलं त्यानं. सुट्टीच्या दिवशी एकेक घर येऊन आपली झावळी बांधून जायचं. हा खाली उभा राहून टिंगल करायचा. "अरे, गाठ मारतोस की वेणी घालतोस?" त्याला म्हटलं, "तुझी कधी बांधणार?" तर कंबरेवर हात ठेवून म्हणतो, "मावशी, राणी शेवटी येते."

सगळ्यांच्या बांधून झाल्या. मग हा चढला. शिडी घेतली नाय. माडावर चढणारा माणूस, त्याला शिडी कशाला? खांद्यावर झावळी, एक पाय बांबूवर, आणि बांबू दवानं ओला होता.

बापाच्याच फळ्यांवर पडला.

बैलगाडीत घातला. बोईसरला डॉक्टरकडे नेत होते. पाम गावाच्या पुढे गाडी गेली नाय. मागे फिरवली.

आता बघा, आज आपण देवळाच्या ओट्यावर बसलोय. मांडव तो समोर, सावली पडलीय, तरी त्याच्याखाली कोण बसायला तयार नाय. पोरांना तिकडून जाऊ देत नाय. पाटील, तुमच्या मनात काय हाय ते गावाला ठाऊक हाय. मांडवानं माणूस घेतला, तो उतरवून टाकावा. मी तुम्हाला वाईट म्हणत नाय. पहिल्या दिवशी मी पण तेच म्हणत होते. सखू मला म्हणाली, "मावशी, दार उघडलं की तेच दिसतं. सगळीकडे भरलेलं, आणि आमच्या जागी आभाळ. मी नजर कुठं ठेवू?"

म्हणून आज सकाळचं सांगते, कारण तुमच्यातलं तिथं कोणी नव्हतं. शिरगावचे नाटकवाले आले होते. दरवर्षी आपल्याला नावं ठेवणारे. सखूच्या पडवीत माना खाली घालून बसले. सोबत एक नवी झावळी आणली होती, दाट विणलेली. त्यांचा म्हातारा म्हणाला, "वहिनी, तुमी हो म्हणा. गणपतची जागा आमी भरून देतो. मग मांडव उतरवा म्हणायला कोण धजणार नाय."

सखू आतून म्हणाली, "नको."

एवढंच. ते एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, झालं, हिच्या मनात पण उतरवायचंच हाय. म्हातारा झावळी उचलून उठला. तेव्हा ती दारात आली. डोक्यावर पदर, चेहरा दिसत नव्हता.

"आमच्या घरची झावळी दुसऱ्याच्या हातानं लागत नाय," म्हणाली. "तुमच्याकडं शिडी हाय?"

"हाय."

"लांब?"

"देवळाच्या कळसाला पोचते."

"मग ती आणा. खाली दोघं घट्ट धरा. झावळी मी विणते."

मी म्हटलं, "सखू, अगं, बाई माणूस कधी वर चढलीय का?" तर मला म्हणते, "मावशी, पुरुष माणूस कधी राणी झाला होता का?"

याला उत्तर येत असेल तर पाटील, बोला. मी खाली बसते. ती पडेल का, मला ठाऊक नाय. भीती वाटते. रात्रंदिवस वाटणार. पण तिला नको म्हणायला माझी जीभ उचलत नाय.

आता सगळे उठा. देवाकडे पाठ झाली तरी चालेल, तोंड मांडवाकडे करा. तिथं वर मोकळं दिसतंय ना, तिथं बघा. आणि जरा वेळ कोणी बोलू नका. पेटीवाल्या, तू पण.

गणपत, बाबा, आमचा सगळ्यांचा तुला नमस्कार.

तेरावं झालं की मंगळवारी शिडी घेऊन येतो, असं शिरगावकर सांगून गेलेत.