सहीला चालणारा कागद

दिल्लीत सरोजिनी नगरच्या स्टेशनरीच्या दुकानात क्षिप्रा नोट्सच्या झेरॉक्ससाठी रांगेत उभी होती. पुढच्या दोन म्हाताऱ्यांचं मराठी कानावर पडलं, तसे तिने इअरफोन काढले.

“बळवंतराव, इतका जाड कागद नको. सीडीच्या डबीत बसायचा नाही.”

“मग हा ग्लॉसी बघा, हेमलताताई. घरच्या प्रिंटरवरही आपल्या नाटकाचा फोटो काय खुलेल.”

“पण सीडी लावणार कशात? प्लेअर कुणाकडे उरलाय?”

“कुणी लावणार नाही. म्हणून तर कव्हर चांगलं हवं. निदान हातात धरतील.”

“मग मॅट घ्या. ग्लॉसीवर शाई फिसकटते. गणपतीत सगळ्यांच्या सह्या घेऊ त्यावर.”

“सगळ्यांच्या? नऊजणांतले आपण चारच उरलोय.”

“बाकी पाचांच्या मी करीन. तालमीच्या दिवशी ऑफिसच्या हजेरीपटावर कोण करायचं?”

“तुम्हीच.”

“कधी पकडली गेले?”

“बिल्कुल नाही.”

“मग झालं तर. भैया, ये मॅट वाला दे दो.”

“साठ्यांची सही फार वळणावळणाची होती. अजून जमेल?”

“त्यांचीच तर सगळ्यांत आधी शिकले होते.”